जंगलातल्या पक्ष्यांसाठी फ्लॅश आणि फ्रेनेल भिंग: दिवाळीपासून वळवापर्यंतचा अनुभव

गोडॉक्सचा व्ही ८६० थ्री फ्लॅश आणि त्याच्यापुढे लावायचं, उजेड एकवटून लांब फेकणारं बिननावाचं फ्रेनेल भिंग, अशी जोडी दिवाळीत घेतली. आता पाऊस तोंडावर आलाय. फ्लॅश बॅगेतून हलत नाही, भिंग मात्र बहुतेक वेळा घरीच राहतं. का, ते सविस्तर लिहितो, कारण घेण्याआधी मला हे कुणी सांगितलं नव्हतं.

कोल्हापुरात रंकाळा किंवा कळंबा तलावावर फोटो काढणाऱ्यांनी यावर खर्च करू नये. तिथं सकाळी उजेडच उजेड असतो. खरी अडचण येते ती राधानगरी-दाजीपूर, आंबा, गगनबावडा या पट्ट्यात. माथ्यावर झाडी मिटलेली, खाली ओढा, आणि भरदिवसा छिद्र एफ/६.३ वर आणि आयएसओ (सेन्सरची उजेडाला संवेदनशीलता) ६४०० करूनही शटर जेमतेम १/१०० सेकंद मिळतो. माझी लेन्स १५०-६०० ची, म्हणजे याहून जास्त छिद्र उघडायची सोय नाही. एफ/४ ची ६०० मिमी लेन्स बाळगणाऱ्या मंडळींचं दुःख वेगळं असतं, ते त्यांनी बघावं.

बरेच दिवस चाचपडून आता बसलेली सेटिंग अशी: कॅमेरा मॅन्युअलवर, एफ/६.३, १/१००, आयएसओ ३२००, मोनोपॉड. म्हणजे मागचं रान गरजेपेक्षा एक स्टॉप कमी, म्हणजे निम्मं उजळतं. फ्लॅश टीटीएलवर (कॅमेराच उजेड मोजून फ्लॅशची ताकद ठरवतो), उणे एक, म्हणजे त्याच्या हिशेबाच्या निम्मा. अर्धा उजेड जंगलाचा, अर्धा फ्लॅशचा, दोन्ही मिळून पक्षी नीट उजळतो आणि मागची पानं हिरवीच राहतात. फ्लॅश शून्यावर ठेवून आयएसओ ४०० वर आणलात, तर मागं काळोख आणि पुढं लग्नातल्या हॅलोजनखाली उभा केल्यासारखा पक्षी. असे फोटो मला बघवत नाहीत.

आता भिंगाचं गणित. या फ्लॅशचा गाइड नंबर (ताकदीचा आकडा, त्याला एफच्या आकड्यानं भागलं की पोच मीटरमध्ये मिळते) ६०, तोही फ्लॅशचं डोकं २०० मिमी झूमवर, म्हणजे उजेडाचा झोत अरुंद असताना, आयएसओ १०० ला. एफ/६.३ वर म्हणजे साधारण साडेनऊ मीटर. पण आयएसओ ३२०० ला हेच अंतर कागदावर पन्नास मीटरच्या पुढं जातं. छापील आकडा थोडा फुगवलेला धरला, तरी दहा मीटरवरच्या पक्ष्याला उणे एकच्या भरणीसाठी (जंगलाच्या उजेडाला फ्लॅशची जोड) १/३२ पॉवर पुष्कळ झाली. मग भिंग कशाला? ते स्लाइड फिल्मच्या काळात, आयएसओ १०० वर काम करणाऱ्यांची गरज होती. एवढ्या कमी पॉवरवर फ्लॅश लगेच पुन्हा तयार होतो आणि बॅटरी संध्याकाळपर्यंत टिकते.

भिंगाचा खरा उपयोग दोनच ठिकाणी झाला. एक, वीस-पंचवीस मीटर उंचावर बसलेल्या पक्ष्यासाठी. दुसरं, हाय-स्पीड सिंकमध्ये (खूप वेगवान शटरवर फ्लॅश चालवायची सोय), कारण तिथं फ्लॅशची ताकद बरीच घटते. बाकी त्याचं वेल्क्रो दाजीपूरच्या दमटपणात पकड सोडतं आणि प्लॅस्टिकच्या पायांना चिरा गेल्यात. शिवाय भिंग लावलेला कॅमेरा उन्हात ठेवणं धोक्याचं, ऊन थेट आत शिरलं तर फ्लॅशचं डोकं वितळतं. उघड्यावर आलात की आधी ते उतरवा.

फ्लॅशनं खरोखर काय दिलं ते शीळकरी कस्तुरावरून सांगतो. ओढ्यातल्या ओल्या दगडावर बसला की उघड्या डोळ्यांना निव्वळ काळा पक्षी. पंखांचा तो निळा रंग रंगद्रव्याचा नाही, पिसांच्या रचनेचा आहे. समोरून उजेड पडला तरच तो परत येतो. फ्लॅश लेन्सजवळच असल्यानं खांद्यावरचा पट्टा आणि कपाळावरचा डाग एकदम निळेशार उठतात, छातीवरचे निळसर खवलेही मोजता येतात. कर्णा पक्ष्यातल्या नराच्या लाल पोटाचंही तेच. हिरव्या सावलीत तो लाल मळकट विटकरी दिसतो, फ्लॅशनं स्वच्छ होतो. फ्लॅशच्या डोक्यावर पाव सीटीओ जेल (फिकट नारिंगी पारदर्शक पट्टी) चिकटवली तर उजेडाचा पांढरटपणाही जातो.

तोटेही आहेत. पक्षी हलला की १/१०० वर कडेला धुरकट सावली उमटते. मध्ये एखादं पान आलं तर ते भगभगीत पांढरं होतं. पाच मीटरवरच्या पानाला दहा मीटरवरच्या पक्ष्याच्या चौपट उजेड मिळतो, त्याला इलाज नाही, दोन पावलं सरकावं लागतं. फ्लॅश थेट हॉट शूवर (कॅमेऱ्याच्या माथ्यावरची फ्लॅशची खाच) लावला तर डोळा पांढुरका चमकतो. ब्रॅकेटवर वीतभर वर उचलला की डोळ्यात फक्त एक बारीक ठिपका राहतो. ब्रॅकेटचे पैसे भिंगाआधी खर्च करा.

पक्षी बुजतात का, हे सगळेच विचारतात. आमच्या वाटाड्याचं मत: “त्येला लाईटीचं काय न्हाई सर, तुमचं पाय वाजत्यात, त्येनं उडतंय.” दिवसाउजेडी बहुतेक वेळा मलाही तसंच दिसलं, तरी दोन-तीन फोटोंच्या पुढं मी जात नाही. घरट्यावर अजिबात नाही. तिबोटी खंड्या पावसाळ्यात वीण करतो, त्याच्या बिळासमोर फ्लॅश घेऊन बसणाऱ्यांना माझा नमस्कार. रातवा, घुबड, बेडूकमुखी यांचे डोळे अंधाराला सरावलेले, तिथं फ्लॅश बंदच. अभयारण्यात शिरताना वनरक्षकाला विचारून घ्या. नाही म्हणाला तर नाही.

पावसाळ्यात सगळं हवाबंद डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसोबत. हॉट शूचे संपर्क मी अधूनमधून साध्या खोडरबरानं पुसतो.

भिंग कुणाला हवंच असेल तर माझं देऊन टाकायचं आहे. वेल्क्रो तेवढं नवीन लावून घ्यावं लागेल.