संमेलनातलं 'आदिवासी नृत्य': ड्रेसवाल्याला फोन की तारपावादकाला?

डिसेंबर जवळ आला की स्टाफरूममध्ये यादी फिरते: एक कोळीगीत, एक लावणी, एक 'आदिवासी'. यंदा ते तिसरं तुमच्या गळ्यात पडलं असेल तर रस्ते दोन आहेत. मी दोन्हींवरून गेलेय.

ड्रेसवाल्याचा रस्ता सोपा. फोन केला की पोतं येतं: पानांचे घागरे, पिसांचे मुकुट, प्लास्टिकचे भाले. ट्रॅक लावायचा, तोंडाला काळं फासायचं, चार मिनिटांत टाळ्या. खर्च पालकांचा. पण हे आदिवासी नेमके कुठले? डहाणू-जव्हारकडची वारली बाई गुडघ्यापर्यंत लुगडं नेसते. आमच्या तालमीत एक मुलगा पोत्यात डोकावून हळूच म्हणाला, "बाई, आमची आजी असं नाय घालत." त्याचं गाव त्याच भागातलं, विक्रमगडकडचं, हे मला तेव्हा कळलं. वर्गशिक्षिका मीच होते.

दुसऱ्या रस्त्याला वेळ लागतो. तारपा म्हणजे वारल्यांचं फुंकून वाजवायचं वाद्य; त्याच्या वादकाशी पावसाळ्यातच बोलून ठेवा आणि भातकापणीचे दिवस सोडून तारीख घ्या. मानधन, गाडीभाडं, जेवण आधी मंजूर करून घ्या. 'व्यासपीठ देतोय ना' म्हणत फुकट बोलावणारे मुख्याध्यापक मी पाहिलेत. तारपा मुलांना हातात घेऊन बघू द्या: वाळलेला भोपळा, बांबूच्या नळ्या, पुढे ताडाच्या पानांचा कर्णा, सांधे मेणाने बुजवलेले. वादक मधे, कमरेला हात घालून साखळी त्याच्याभोवती. सूर बदलला की पाऊल बदलतं आणि तारप्याला पाठ दाखवायची नाही. म्हणजे अर्ध्या मुलांची पाठ प्रेक्षकांकडे! आमच्या नृत्याच्या बाईंना हे अजिबात पटेना. शेवटी स्टेज सोडून मैदानात केलं, तेच बरं झालं. मिनिटांचा हिशेब मात्र विसरा.

मागच्या पडद्यावर वारली चित्रं हवीच असतील तर शेती, झाडं, तारपा-नृत्य काढा. पालघट देवीचा चौक, म्हणजे भिंतीवरचं चौकोनी चित्र, लग्नाचा असतो आणि तो सवाष्णी लिहितात. तो शोभेला लावू नका. वारली चित्रकार जिव्या सोमा मशेंना २०११ साली पद्मश्री मिळाली, एवढं तरी सूत्रसंचालनात येऊ द्या.

माझं मत दुसऱ्या रस्त्याला. पण तीनच आठवडे उरले असतील तर यंदा तो आयटम सरळ गाळा आणि वादकाला जानेवारीत एखाद्या शनिवारी वर्गात बोलवा. वर्गात तिकडचं कुणी असेल तर आधी त्याला विचारा, पण मधल्या सुट्टीत, सगळ्यांसमोर उभं करून नाही.