पिस्तुलावरचा रेड डॉट, आठ महिन्यांनी: सगळं आवडलं, सेल कुठे बसतो ते सोडून

आठ महिने, साधारण चार हजार दोनशे राऊंड. पिस्तूल ग्लॉक १७ एमओएस (स्लाइडवर, म्हणजे वरच्या सरकत्या भागावर, साइट बसवायची सोय असलेलं), काडतुसं ११५ आणि १२४ ग्रेन वजनाच्या गोळीची साधी ९ एमएम. वापर रेंजवर, आणि महिन्यातून एकदा यूएसपीएसए या अमेरिकन नेमबाजी संघटनेच्या क्लब मॅचला, कॅरी ऑप्टिक्स म्हणजे रेड डॉटवाल्या पिस्तुलांच्या विभागात. रेड डॉट म्हणजे छोट्या काचेत लाल ठिपका दाखवणारी, सेलवर चालणारी नेम धरायची साइट. तो घ्यावा का, तर चाळिशी लागलेल्यांनी जरूर घ्यावा. का, ते पुढे येईल. आधी सेलबद्दल, कारण मध्यंतरी भर मॅचमध्ये डॉट लुकलुकायला लागला आणि तेव्हापासून या चारशे डॉलरच्या वस्तूत तळाचा तो गोल खड्डाच तेवढा दिसतो.

साइटचं नाव लिहीत नाही. वॉरंटीचा पत्रव्यवहार पुरता मिटलेला नाही, शिवाय नाव लिहिलं की लोक ब्रँडवरून भांडतात आणि सेल राहतो बाजूला. एवढं पुरे: उघडा एमिटर (डॉट पाडणारा एलईडी झाकलेला नाही), ३ एमओएचा डॉट (एमओए हे कोनाचं माप, हिशोब पुढे), ट्रिजिकॉनच्या आरएमआर या साइटच्या मापाचा तळ, आणि सीआर २०३२ सेल खालून बसतो. खालून म्हणजे साइट स्लाइडवरून अख्खी उतरवल्याशिवाय सेल बदलता येत नाही. भिंतीवरचं घड्याळही खिळ्यावरून उतरवावं लागतं, मान्य. पण ते परत टांगल्यावर वेळ लावायला वीस गोळ्या झाडाव्या लागत नाहीत.

एका सेलसाठी काय काय करावं लागतं ते पाहा. मॅगझिन बाहेर, चेंबर डोळ्यांनी आणि बोटाने तपासायचं, काडतुसं दुसऱ्या खोलीत. टी-१० टॉर्क्स बिटने दोन स्क्रू काढायचे. आट्यांत वाळून बसलेलं जुनं निळं लॉकटाइट (स्क्रू सैल होऊ नये म्हणून लावायचा गोंद) पितळी ब्रशने खरवडायचं. मग स्क्रू आणि स्लाइडकडची भोकं दोन्ही ९१ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून कोरडी करायची. भोकं पुसायची लोक हमखास विसरतात. स्लाइडच्या तेलाचा ओशटपणा राहिला तर लॉकटाइट धरतच नाही. नवा सेल खुणेप्रमाणे बसवायचा, वर पातळ सीलिंग प्लेट, मग साइट. लॉकटाइट २४३ चा एक छोटा थेंब, तोही स्क्रूच्या टोकाकडच्या दोन-तीन आट्यांवरच. जास्त झालं की ते ओघळून सेलच्या खड्ड्यात उतरतं. दोन्ही स्क्रू आलटून पालटून थोडे थोडे आवळायचे आणि शेवट टॉर्क ड्रायव्हरने (ठरवलेल्या जोरापर्यंतच आवळणारा), कंपनीच्या कागदावर असेल तेवढ्यावर. इथे १२ इंच-पौंड आहे. हे फार कमी असतं. हाताच्या अंदाजाने आवळणारा माणूस सहज पुढे जातो, आणि हे बारीक स्क्रू ताणले गेले की पुढे कधीतरी गोळीच्या धक्क्याने डोकं तुटतं. आवळून झालं की स्क्रूच्या डोक्यावरून साइटच्या अंगावर येईल अशी पांढऱ्या नेलपॉलिशची बारीक रेघ ओढायची, म्हणजे स्क्रू हलला तर रेघ तुटलेली दिसते. आणि चोवीस तास हात लावायचा नाही.

मग रेंज. टेकू घेऊन १० यार्डांवर पाच, २५ यार्डांवर पाच-पाचचे दोन गट, दुरुस्ती लागली तर आणखी पाच. साइट त्याच जागी बसते असं कंपनी म्हणते. साधारण बसतेही, पण एक-दोन क्लिकचा (नेम सरकवायच्या स्क्रूच्या खाचांचा) फरक दोनदा मिळाला आहे. हिशोब: सेल दीड डॉलर, वीस काडतुसं पाचेक डॉलर, लेनचं भाडं वीस डॉलर, शिवाय दोन-तीनदा उतरवल्यावर स्क्रूची नवी जोडी. चार आण्याची कोंबडी अन् बारा आण्याचा मसाला.

आता लुकलुकण्याबद्दल. पहिलं मत होतं की साइटच भिकार आहे. ते अर्धं बदलावं लागलं. नवा घातलेला सेल कडू लेपाचा निघाला. लहान मुलांनी गिळू नये म्हणून काही कंपन्या नाण्याच्या आकाराच्या सेलवर कडू चवीचा पातळ थर देतात. हेतू चांगलाच आहे, पण तो थर नेमका संपर्काच्या जागी आला तर जोड कच्चा राहतो. एअरटॅगमध्ये असे सेल चालतीलच असं नाही, हे ॲपलनेही लिहून ठेवलं आहे. टेबलावर ठेवलेल्या वस्तूत कच्चा जोड एकवेळ खपतो. स्लाइडवर खपत नाही, कारण स्लाइड प्रत्येक गोळीला मागे जाऊन आदळते आणि पुढे येऊन पुन्हा आदळते. सेल खड्ड्यात केसभर उडतो, प्रवाह क्षणभर तुटतो, डॉट जातो आणि येतो. सेलच्या दोन्ही बाजू अल्कोहोलने घासून पुसल्या, परत घालताना उघड्या बोटांनी धरला नाही (बोटांचं तेलही नडतं), आणि लुकलुकणं थांबलं.

सहाशे राऊंड थांबलं. मग पुन्हा सुरू. उतरवून पाहिलं तर तळातली स्प्रिंगसारखी पट्टी दबून सपाट झालेली. जुन्या आरएमआर वापरणाऱ्यांना हे नवीन नाही, पट्टी किंचित वर वाकवण्याचा घरगुती इलाज तिथूनच आला. वॉरंटीतल्या वस्तूवर तो करू नये, वाकवलेली पट्टी लगेच ओळखू येते. कंपनीने आधी टॉर्क किती दिला ते विचारलं, मग नेलपॉलिशच्या रेघेचा फोटो मागितला (ओढून ठेवली होती, नशीब), मग सेल कोणता ते विचारलं. एकोणीस दिवसांनी दुसरा नग आला, तोही स्क्रू आणि सीलिंग प्लेटशिवाय. पाठवणीचा खर्च कोणाचा यावर अजून ईमेल चालू आहेत. चौदा डॉलर आहेत. प्रश्न पैशांचा नाही असं म्हणायची पद्धत आहे. इथे पैशांचाच आहे.

नव्या नगावर अकराशे राऊंड झाले, अजून लुकलुकला नाही.

आता वस्तूचं कौतुक, कारण ते खरंच करण्यासारखं आहे. साध्या साइटमध्ये तीन गोष्टी एका रेषेत आणायच्या असतात: मागची खाच, पुढची साइट (आपले जुने लोक जिला बंदुकीची माशी म्हणत) आणि लक्ष्य. डोळा एका वेळी एकच अंतर स्पष्ट पाहतो, म्हणून नजर माशीवर ठेवायची असं शिकवतात. चाळिशीनंतर हाताच्या अंतरावरची माशीच धूसर होते. प्रोग्रेसिव्ह चष्मा असेल तर जवळचं स्पष्ट दिसावं म्हणून हनुवटी वर करून खालच्या भागातून पाहावं लागतं, आणि मान अवघडते ती वेगळी. रेड डॉटमध्ये एलईडीचा प्रकाश वक्र काचेवरून परतून समांतर होऊन डोळ्यात येतो, त्यामुळे डॉट लांबवर, लक्ष्याच्या जागीच असल्यासारखा दिसतो. नजर लक्ष्यावर, दोन्ही डोळे उघडे, मान सरळ, चष्म्याचा दूरचा भाग.

पण डॉट गोल दिसेलच असं नाही. कोणाला स्वल्पविराम दिसतो, कोणाला द्राक्षाचा घड. साइट परत करण्याआधी पिस्तूल (रिकामं, पुन्हा तपासलेलं) हळूहळू आडवं करून पाहा. फराटा पिस्तुलाबरोबर फिरला तर दोष साइटचा, जागीच राहिला तर तुमच्या डोळ्याचा, म्हणजे ॲस्टिग्मॅटिझम. मोबाइलच्या कॅमेऱ्यातून फोटोत डॉट गोल आला तरी निष्कर्ष तोच, दोष डोळ्याचा. प्रखरता दोन पायऱ्या उतरवली की बरंच सुधारतं. काहींना हिरवा डॉट जास्त स्वच्छ दिसतो, पण दुकानात स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याशिवाय घेऊ नका.

पहिले तीन आठवडे डॉट सापडत नाही. पिस्तूल समोर येतं, काच रिकामी. बहुतेक वेळा नळीचं तोंड वर असतं आणि डॉट काचेच्या वरून निसटलेला असतो. मनगट किंचित पुढे झुकवलं की तो वरून खाली उतरतो. काच हलवत डॉट शोधत बसलात तर सवय कायमची बिघडेल. रिकाम्या पिस्तुलाने रोज दहा मिनिटं, भिंतीवरच्या छोट्या खुणेकडे पाहत पिस्तूल नजरेच्या रेषेत आणणं, याला दुसरा उपाय नाही. त्यातच काचेच्या पुढच्या बाजूला मास्किंग टेपचा तुकडा लावून सराव करा. एक डोळा लक्ष्य पाहतो, दुसरा डॉट, आणि मेंदू दोन्ही जोडतो. नजर चुकून काचेवर आली की समोर फक्त टेप दिसते, लबाडी तिथेच पकडली जाते. मात्र काही जणांना टेप लावल्यावर डॉट बाजूला सरकलेला दिसतो, तेव्हा टेप लावून गोळ्यांचा गट तपासत बसू नये.

दुसरी तक्रार, डॉट थरथरतो. हात आधीही एवढाच हलत होता, माशीने ते झाकलं होतं. डॉट मधोमध आला की पटकन चाप ओढायचा मोह होतो आणि उजव्या हाताच्या माणसाची गोळी खाली डावीकडे जाते. थरथरू द्यावं, चाप सावकाश दाबावा.

झिरो, म्हणजे डॉट आणि गोळी एकाच जागी आणणं, २५ यार्डांवर केला. १ एमओए म्हणजे १०० यार्डांवर जेमतेम १.०५ इंच, म्हणून २५ यार्डांवर १ एमओएचा एक क्लिक पाव इंच आणि ३ एमओएचा डॉट पाऊण इंच झाकतो. ६ एमओएचा डॉट तिथे दीड इंच झाकतो, तो लवकर सापडतो पण बारीक नेमाला आड येतो. डॉट नळीच्या मध्यापासून इंचभर उंच असल्यामुळे ३ यार्डांवर गोळी जवळजवळ तेवढीच खाली लागते. त्यासाठी झिरो बदलायचा नसतो. अंतर कमी आहे एवढं लक्षात ठेवून किंचित वर धरायचं.

आपोआप प्रखरता बदलण्याची सोय बंद करून टाकली. सेन्सर पिस्तुलाजवळचा उजेड मोजतो, लक्ष्याजवळचा नाही. शेडखाली उभं राहून उन्हातल्या पांढऱ्या पाटीवर नेम धरला की डॉट विरून जातो. उघड्या एमिटरचा दुसरा त्रास म्हणजे पावसाचा एक थेंब किंवा कपड्याचं सूत एलईडीवर बसलं की डॉटच्या जागी लाल डाग. कानकाडी कोरडीच वापरावी. उन्हाळ्यात एसी गाडीतून दमट हवेत काढलं की काच धुरकटते, दहा मिनिटं आधी बाहेर ठेवलं की काम होतं. समोरच्या काचेवरची काजळी दोनशे राऊंडनंतर पुसावी, नखाने खरवडू नये, लेप जातो.

एमओएसवाल्यांसाठी एक गोष्ट ठळक: उजवीकडचा स्क्रू, काडतुसाचं रिकामं केस बाहेर पडतं त्या बाजूचा, लांब असेल तर खालच्या एक्स्ट्रॅक्टर प्लंजरच्या (केस ओढून काढणाऱ्या आकड्यामागच्या दांडीच्या) खोबणीत घुसतो आणि त्याला दाबतो. मग रिकामी केसं अडकू लागतात आणि दोष काडतुसांना लागतो. साइटबरोबर येणारे स्क्रू तुमच्या प्लेटच्या मापाचेच असतील असं धरू नका. आवळून झाल्यावर स्लाइड रिकामी ठेवून एक्स्ट्रॅक्टर बोटाने दाबून मोकळा हलतो का ते पाहा. उंच आयर्न साइट (खाच आणि माशी) लागतील, कारण मूळच्या ठेंगण्या साइट काचेतून दिसत नाहीत, आणि होल्स्टर (पिस्तुलाचं म्यान) पुढून कापलेलं. हा खर्च साइटच्या किमतीत धरत चला.

कोल्हापूर-पुण्यात २५ मीटरचा सराव करणाऱ्या भाच्या-पुतण्यांसाठी हे नेऊ नका. आयएसएसएफ या आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या पिस्तूल प्रकारांत उघड्याच साइट चालतात. राही सरनोबतने २०१८ च्या एशियाडचं सुवर्ण त्याच साध्या माशीवर घेतलं.

पुन्हा घ्यायची वेळ आली तर डॉटचा रंग, काचेचा आकार सगळं नंतर, आधी सेलचं दार बघेन. बाजूच्या ट्रेमध्ये सीआर १६३२ घेणाऱ्या साइट आहेत, वरून सीआर २०३२ घेणाऱ्याही आहेत. नावातच माप असतं, १६ किंवा २० मिलिमीटर रुंदी आणि ३.२ मिलिमीटर जाडी. लहान सेलमध्ये साठा कमी, पण तो साइट न उतरवता बदलता येतो, त्यामुळे हिशोब त्याच्याच बाजूने लागतो. एमपॉइंट कंपनीच्या बंद एमिटरच्या ॲक्रो पी-१ साइटमध्ये इवलासा सीआर १२२५ होता. पी-२ मध्ये बाजूने जाणारा सीआर २०३२ आला आणि कंपनी ५०,००० तास सांगते. किंमत ऐकून मात्र चहा थंड होतो.

तोवर याच नगावर. लिथियम सेल शेवटपर्यंत व्होल्टेज धरून ठेवतो आणि मग एकदम पडतो, म्हणून मंद होण्याची वाट बघण्यात अर्थ नाही. वर्षातून एकदा ठरावीक दिवशी बदलायचा. खंडेनवमीला हत्यारं तशीही पुसायला बाहेर निघतात, त्याच दिवशी टी-१० बिट आणि अल्कोहोलची बाटली काढायची. दसऱ्याला लॉकटाइट वाळतं, आणि पुढच्या रविवारी वीस गोळ्या.