गुलाबी फिलोडेंड्रॉन घेताय? आधी खोड बघा

सावलीतल्या बागेला रंग आणायचा म्हटलं की पर्याय फार थोडे उरतात. नेमक्या याच अडचणीवर काही विक्रेते आपला धंदा करतात. मलाही असंच फसवलं गेलं, आणि जे रोप माझ्या गळ्यात मारलं ते अजूनही सर्रास विकलं जातंय, म्हणून सविस्तर लिहितेय.

मला हवं होतं फिलोडेंड्रॉन 'पिंक प्रिन्सेस', म्हणजे गडद हिरव्या पानांवर गुलाबी शिंतोडे असलेलं शोभेचं रोप. जाहिरातीतही हेच नाव होतं. कुंडी जिथे ठेवायची तिथे थेट ऊन येत नाही, उजेड मात्र चांगला असतो, हे मी विक्रेत्याला आधीच सांगितलं होतं. रंग टिकेल का, असंही विचारलं. "रंग कायमचा आहे, सावलीत तर आणखी खुलतो," असं लेखी उत्तर आलं. रोप आलं तेव्हा वरची पानं अख्खी गुलाबी होती आणि खालची साधी हिरवी. दिसायला फारच देखणं होतं.

पुढचा कोंब उलगडला तो हिरवागार. त्यानंतरचाही तसाच. मग गुलाबी पानांवरच फिकट हिरवी छटा चढू लागली आणि बघता बघता सगळं रोप हिरवं झालं. विक्रेत्याला फोटो पाठवले, तर दर वेळी दोष माझ्यावर: उजेड कमी पडतोय, पाणी जास्त होतंय, खत चुकलंय. एवढ्यात परत करायची मुदत टळली आणि उत्तरं बंद झाली.

ते रोप होतं 'पिंक काँगो'. मूळचं हिरवंच झाड, पण त्याच्यावर रसायनाची प्रक्रिया केली की त्या काळात वाढणाऱ्या पानांत हरितद्रव्य तयार होत नाही आणि ती गुलाबी निघतात. प्रक्रियेचा असर उतरला की, साधारण 6 ते 12 महिन्यांत, झाड आपल्या मूळ रंगावर येतं. त्याला कितीही जपा, गुलाबी पान पुन्हा येत नाही. काँगो म्हणून सांगून विकलं असतं तर माझी तक्रार नव्हती. खोटं नाव आणि खोटी हमी, ही फसवणूक आहे.

उजेडाचं कारण पटण्यासारखं वाटतं, कारण त्यात अर्धं सत्य आहे. खरी 'पिंक प्रिन्सेस'सुद्धा दाट सावलीत हिरवी पानं काढू लागते. पण फरक असा, की तिच्या जुन्या पानांवरचे गुलाबी पट्टे हिरवे होत नाहीत. त्या पेशींत हरितद्रव्य बनवण्याची क्षमताच नसते. फार तर ते भाग करपून तपकिरी पडतात. हिरवी येतात ती नवी पानं. तुमच्या रोपाचं उलगडलेलं गुलाबी पानच हिरवं होत असेल, तर दोष तुमच्या सावलीचा नाही, आणि विक्रेत्याला हे ठणकावून सांगा.

ओळखायचं कसं? खोड बघा. खऱ्या रोपाच्या खोडावर आणि देठांवर गुलाबी रेघा असतात, पानांवर गडद हिरव्यात वेडेवाकडे गुलाबी शिंतोडे असतात आणि कुठलीही दोन पानं सारखी नसतात. एकसारखी गुलाबी पानं वर आणि कोरी हिरवी खाली, असं दिसलं तर घेऊ नका. खोडाच्या पेरांचा आणि सगळ्यात नव्या पानाचा ताजा फोटो मागा. माझ्या विक्रेत्याने पाठवलेल्या फोटोत फक्त वरची पानं होती.

बियांच्या पाकिटांपासून तर लांबच राहा. 'पिंक प्रिन्सेस'चा रंग बियांतून येत नाही, कारण तो वाढीच्या टोकावर दोन प्रकारच्या पेशी शेजारी-शेजारी असल्यामुळे उमटतो. तो टिकवायचा तर रंगीत पेर असलेली कटिंगच लावावी लागते. पांढऱ्या पानांच्या मॉन्स्टेराच्या बियांचंही तेच.

सावलीत रंगच हवा असेल तर कॅलेडियम, फिट्टोनिया, लाल ॲग्लोनिमा घ्या. यांचा रंग जातीतच असतो. कॅलेडियमची पानं वर्षातून एकदा झडतात, तेव्हा रोप मेलं समजून टाकून देऊ नका. कंद विश्रांती घेत असतो. त्या काळात पाणी अगदी कमी करा, नाहीतर तो कुजतो.