गाडीचा रंग बदलायचाय: ह्यू-सॅच्युरेशन की सॉलिड कलर?

फोटोशॉपमध्ये लाल गाडी निळी करायची असेल, तर मी थेट ह्यू-सॅच्युरेशनची (ह्यू म्हणजे मूळ रंग, सॅच्युरेशन म्हणजे त्याची तीव्रता) अ‍ॅडजस्टमेंट लेयर घेतो, म्हणजे मूळ फोटोला हात न लावता वरून बदल करणारा थर. यादीतून 'रेड्स' निवडायचं आणि ह्यूचा स्लायडर उणे 120च्या आसपास न्यायचा. पत्र्यावरच्या सावल्या, चमक जागच्या जागी राहतात. मागचे लाल दिवेही निळे होतात. तेवढे लेयरच्या मास्कवर (लेयर कुठे दिसावी हे ठरवणारा पडदा) काळ्या ब्रशने वाचवायचे.

पांढऱ्या गाडीपुढे मात्र हा स्लायडर हतबल ठरतो. पांढऱ्यात, करड्यात फिरवायला ह्यूच नसतो. तिथे सॉलिड कलर लेयरच हवी, म्हणजे एकाच रंगाने भरलेला थर. आधी पत्रा नीट सिलेक्ट करा, काचा, टायर, नंबरप्लेट वगळून. सगळा वेळ इथेच जातो, आणि तो जाऊ द्यावा. कडा फसल्या की फोटो खोटा दिसतो. मग ब्लेंड मोड (वरचा थर खालच्यात कसा मिसळायचा ते) 'मल्टिप्लाय' ठेवा. 'कलर' मोड मूळ उजेड राखतो, त्यामुळे शुभ्र भागावर रंग चढतच नाही. मल्टिप्लायने चमकही रंगते, ती मास्कवर मऊ ब्रशने मोकळी करा.

ग्राहकाला नेमकी छटा हवी असेल तरी सॉलिड कलरच बरा: रंगाचा कोड टाकता येतो, डबल-क्लिक करून कधीही बदलता येतो.

काळी गाडी? तिथे दोन्ही तोकडे पडतात. आधी कर्व्ह्‌जने (उजेड-अंधार कमी-जास्त करायचं साधन) पत्रा उजळावा लागतो.