बारा फुटी ॲल्युमिनियमची जुनी होडी: सगळे ऋतू वापरल्यानंतरचा अनुभव

भंगारातली ॲल्युमिनियमची होडी घ्यावी का, असं बरेच जण विचारतात. माझ्या मते जरूर घ्यावी. फक्त घेताना नुसता पत्रा बघू नका, आधीच्या मालकाने त्या पत्र्याला काय काय लावून ठेवलंय ते बघा. माझी होडी मिरजेतल्या एका भंगारवाल्याकडून किलोच्या भावाने घेतली. सपाट तळाची, रिव्हेट (पत्रे जोडायचे धातूचे खिळे) मारलेली, रिकामी साठेक किलोची. तळाला लाकडी नावेसारखं डांबर फासलेलं, मागच्या फळीला लोखंडी बोल्ट, गळक्या जागी एपॉक्सीची पुट्टी थापलेली. हे सगळं उपसून काढण्यातच निम्मी मेहनत गेली. खालचा मूळ पत्रा मात्र ठणठणीत निघाला.

डांबराला हीट गन लावायची, प्लास्टिकच्या पट्टीने खरवडायचं आणि उरलेलं डिझेलच्या फडक्याने पुसायचं. लोखंडी तारेचा ब्रश अजिबात नको. त्याचे कण पत्र्यात रुततात आणि ओल लागली की तिथूनच पत्रा खायला लागतो. घासायचंच असेल तर स्टेनलेसचा ब्रश घ्या.

गळती शोधायची युक्ती सोपी आहे. होडी लाकडी घोड्यांवर (स्टँडवर) ठेवून आत चार बोटं पाणी भरायचं आणि खाली पडून जिथे ठिपकेल तिथे मार्करने खूण करायची. काठोकाठ भरू नका. पाण्याचं वजन टनाच्या पुढे जातं आणि होडी मधेच वाकते.

आता मुख्य विषय, रिव्हेट. वेल्डिंग करावं असं सगळ्यांनीच सुचवलं. एका वेल्डरने कडेला नमुना म्हणून टाका मारला आणि रुपयाएवढं भोक पाडून दिलं. ॲल्युमिनियम 660 अंशांना वितळतं, पण त्यावरचा ऑक्साइडचा पापुद्रा वितळायला दोन हजारांच्या वर तापमान लागतं. शिवाय लोखंडासारखं ते आधी लाल होऊन इशारा देत नाही, एकदम खाली बसतं. एसी टिगवर (ॲल्युमिनियमला लागणाऱ्या वेल्डिंगवर) हात बसलेला माणूस असेल तरच त्या वाटेला जा. रिव्हेटच्या रांगेशेजारी वेल्डिंग केलं तर उष्णतेने बाजूचे रिव्हेट ढिले पडतात, ते वेगळंच.

माझं काम केलं एसटीच्या कार्यशाळेतून निवृत्त झालेल्या आप्पांनी. जुन्या एसटीची बॉडी ॲल्युमिनियमच्या पत्र्याची आणि रिव्हेटची असायची, त्यामुळे या कामातली जाणती माणसं आपल्याकडे अजून आहेत, फक्त होडीवाले त्यांच्याकडे जात नाहीत. आप्पांनी रांगेवरून बोट फिरवलं आणि म्हणाले, "बदलायच्या आधी ठोकून बघ की, निम्मे तर नुसते सैल झाल्यात." बाहेरून मी डोक्यावर जड लोखंडी डॉली दाबून धरायची, आतून आप्पा हातोडीने शेपूट बसवायचे. घट्ट बसेपर्यंत आवाज बद्द येतो, बसला की टणक येतो. जे बसले नाहीत ते ड्रिलने काढून एक नंबर जाड, भरीव रिव्हेट घातले. बाजारातले पॉप रिव्हेट पाण्याखाली वापरू नका. ते मधून पोकळ असतात आणि तिथूनच झिरपतं. जिथे आतून हात पोचत नाही तिथे बंद टोकाचे मिळतात, ते चालतात. सगळं झाल्यावर आतल्या सांध्यांवर बसच्या काचा बसवायचा पॉलियुरेथेन सीलंट फिरवला. आज नाळेकडच्या (पुढच्या टोकाच्या) एका रिव्हेटातून दिवसभरात वाटीभर पाणी येतं. त्याच्यामागे मी लागत नाही.

मागची फळी आयएस 710 (पाण्यात टिकणाऱ्या प्लायवुडचं भारतीय मानक) मरीन प्लायची केली, 12 मिलीमीटरचे दोन थर चिकटवून. या प्लायला वाळवी लागू नये म्हणून रसायन मुरवलेलं असतं आणि त्यात तांब्याचे क्षार असू शकतात. तांबं, ओल आणि ॲल्युमिनियम एकत्र आले की ॲल्युमिनियमच झिजतं. म्हणून कडा आणि बोल्टची भोकं धरून सगळीकडे एपॉक्सीचे हात दिले. बोल्ट स्टेनलेसचे, खाली नायलॉनचे वॉशर. पावसाळ्यानंतर एक बोल्ट मुद्दाम काढून पाहिला. भोक कोरडं होतं, पत्र्यावर पांढरी भुकटी नव्हती.

रंगाचं थोडक्यात. पेंटर रेड ऑक्साइड सुचवतील, पण तो ॲल्युमिनियमवर धरत नाही, पापुद्र्यांनी सुटतो. आधी दोन डब्यांचा वॉश प्रायमर, मग कुठलाही चांगला पीयू (पॉलियुरेथेन) रंग. आतून रंग फिकटच ठेवा. एप्रिल-मे महिन्यात सांगलीच्या उन्हात उघड्या पत्र्यावर बसून दाखवावं कुणीतरी.

बदलांपैकी सगळ्यात उपयोगी पडलेला बदल म्हणजे काहीच उंच न करणं. परदेशी व्हिडिओंमध्ये पुढे उंच डेक बांधतात. ते गळ टाकणाऱ्यांना ठीक. आपल्याकडे पागजाळं फेकायचं तर उभं राहून कमरेतून पिळा मारावा लागतो. चार फूट रुंद होडीत पायाखालची फळी वीतभर जरी उचलली तरी होडी कलते. मी फळ्या थेट आडव्या बरगड्यांवर टाकल्या, वर जिममधल्या ईव्हीए फोमच्या मॅट. जाळ्याच्या शिशाच्या गोळ्या पत्र्यावर आपटल्या की जो खडखडाट व्हायचा, तो बंद झाला. दोर बांधायच्या मुठी काठावरून काढून आत घेतल्या, कारण जाळं दर वेळी त्यांच्यातच अडकायचं. मॅटचा तोटा एकच, खाली पाणी साचून कुबट वास येतो. आठवड्याला उचलून वाळवाव्या लागतात.

मोटर 12 व्होल्टची, 55 पौंड थ्रस्टची (ढकलायच्या जोराची) इलेक्ट्रिक. पूर्ण वेगात ती 50 अँपिअर ओढते. सुरुवातीला घरच्या इन्व्हर्टरची 150 एएचची ट्युब्युलर बॅटरी लावली होती. तिचं वजन पन्नास किलोच्या पुढे. ती, मोटर आणि मी, सगळे मागे, त्यामुळे नाळ आभाळाकडे. आता 100 एएचची लिथियम आयर्न फॉस्फेट आहे, बाराएक किलोची, आणि ती पुढे ठेवलीय. पुढून मागे 35 चौरस मिलीमीटरची तांब्याची केबल, बॅटरीजवळच फ्यूज. वेग निम्मा ठेवला तर सकाळ निघून जाते. मोटरचा खरा शत्रू केंदाळ, म्हणजे जलपर्णी. पंख्यात गुंतलं की मोटर उचलून साफ करण्यावाचून गत्यंतर नाही, तेव्हा वल्ही घरी ठेवून निघू नका.

बाकांखाली एक्सपीएस फोमच्या (घट्ट, पाणी फारसं न पिणाऱ्या) लाद्या भरल्यात. पाण्यात बुडाल्यावर ॲल्युमिनियमचं वजन साधारण 63 टक्केच भरतं, म्हणजे साठ किलोची होडी अडतीस किलोची होते. त्यात मोटर, बॅटरी आणि सामान धरून शंभर लिटरच्या वर फोम बसवला. थर्मोकोल वापरू नका, त्याच्या दाण्यांमधून हळूहळू पाणी मुरतं. लाइफ जॅकेट अर्थातच वेगळं. भिलवडी, औदुंबरच्या पट्ट्यात मगरी आहेत, म्हणून काठावर पाय सोडून बसणं बंद.

केटी (कोल्हापूर पद्धतीचा) बंधारा आला की होडी उचलून पलीकडे न्यावी लागते. मोटर-बॅटरी उतरवली की दोघांना जमतं. धरणाच्या तलावात न्यायची असेल तर मासेमारीचा ठेका बहुधा सहकारी संस्थेकडे असतो, आधी त्यांना विचारा. पुराच्या पाण्यात ही होडी कामाची नाही. सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ 40 फुटांना इशारा पातळी आणि 45 ला धोका पातळी. त्याच्या बऱ्याच आधी, प्रवाह मोटरपेक्षा जोराचा झाला की माझी होडी गोठ्यामागे पालथी असते. पुढचं काम ट्रॉलीच्या चाकांचं आहे. आत्ताची चाकं नदीकाठच्या मळीच्या चिखलात रुततात, रुंद टायरची कुणी बसवली असतील तर माप कळवा.