गोड्या पाण्याच्या टाकीत शंख-शिंपले की नदीचे काळे गोटे?

गोटा टाकीत नुसता पडून राहतो. शिंपला विरघळत राहतो. निवड करताना आधी हे लक्षात घ्यायला हवं. शिंपला म्हणजे जवळजवळ सगळं कॅल्शियम कार्बोनेट. कोकणात शिंपल्या भाजून चुना करायचे तो याचमुळे. पाणी जितकं आम्लधर्मी, तितकं विरघळणं वेगात. मग जीएच (पाण्याचा एकूण जडपणा) आणि केएच (कार्बोनेटमुळे येणारा जडपणा) चढतात, पाठोपाठ पीएचही. पीएच ८ च्या पुढे गेला की हा वेग पार मंदावतो.

म्हणून आधी मासे बघा. निऑन टेट्रा, डिस्कस, रॅम यांना मऊ, किंचित आम्ल पाणी लागतं. त्यांच्या टाकीत शिंपले नकोतच. वनस्पतींसाठी कार्बन डायऑक्साइड सोडलेल्या टाकीतही नकोत, तिथे ते आणखी लवकर झिजतात. गप्पी, मॉली, प्लॅटी यांना मात्र जड पाणी मानवतं, तिथे मूठभर शिंपले खुशाल ठेवा.

शंख खरोखर कामाचा ठरतो तो आफ्रिकेतल्या टांगानिका सरोवरातल्या सिक्लिड माशांसाठी. सरोवर गोड्या पाण्याचं, पण पीएच ८.५ च्या वर. तिथला मल्टिफॅसिएटस हा जेमतेम ४ सेंमीचा मासा गोगलगायींच्या रिकाम्या शंखांतच राहतो. तोंडाने वाळू उपसून तो शंख हवा तसा बसवतो आणि अंडीही आतच घालतो. त्याला ५ सेंमी बारीक वाळू आणि प्रत्येक माशामागे किमान दोन-तीन शंख द्या. शंखाचं तोंड २-३ सेंमी रुंद आणि आतून गुळगुळीत हवं.

नळाच्या पाण्यावरही बरंच ठरतं. मुंबईचं धरणाचं पाणी मऊ, त्यात शिंपल्यांचा परिणाम ठळक दिसतो. देशावरच्या बोअरच्या जड पाण्यात फारसा फरक पडत नाही. अंदाजावर जाऊ नका. १० लिटर पाण्याच्या बादलीत २०० ग्रॅम शिंपले टाका, केएच मोजा, आठ दिवसांनी पुन्हा मोजा. मऊ पाण्याच्या गावात खरा धोका पाणी बदलताना असतो. टाकीत केएच ८ वर गेलेला, नळाला २. एकदम निम्मं पाणी बदललं तर केएच थेट ५ वर येतो आणि मासे हबकतात. त्यामुळे एका वेळी २० टक्क्यांहून जास्त बदलू नका.

आकाराचंही बघावं लागतं. निमुळत्या शंखात कूली लोच हा सापासारखा लांबट मासा घुसतो, अडकतो, मरतो आणि आतच कुजून अमोनिया वाढवतो. फुटक्या शिंपलीच्या धारेने फायटर माशाचे पर फाटतात. किनाऱ्यावरच्या दुकानातले चकचकीत, रंगवलेले शंख घेऊच नका, वॉर्निश पाण्यात उतरतं.

गोट्यांत एवढी यातायात नाही. सह्याद्रीतला काळा दगड पाण्याला काही करत नाही. पण त्यात पांढऱ्या गाठी दिसल्या तर तिथे व्हिनेगरचे चार थेंब टाका. बुडबुडे आले की ते कॅल्साइट. तो गोटा बाजूला ठेवा. लपायला जागा हवी असेल तर नारळाची करवंटी किंवा अर्धी मातीची कुंडी शंखापेक्षा बरी, मासा अडकत नाही. फक्त शंखाचं रूपच हवं असेल तर मत्स्यालयासाठी बनवलेले रेझिनचे शंख मिळतात.

तरी खरे शिंपले ठेवायचे ठरलंच, तर स्वच्छता नीट करा. किनाऱ्यावर उचलतानाच आत शंखखेकडा किंवा जिवंत प्राणी नाही ना बघा. काही जातींना वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे, त्या तर रिकाम्याही उचलू नका. जेवणातल्या तिसऱ्यांच्या शिंपल्या असतील तर मीठ-मसाला पूर्ण जाईपर्यंत धुवा. ब्रशने घासून १ भाग साधं ब्लीच, १० भाग पाणी यात दिवसभर भिजवा. ब्लीचमध्ये व्हिनेगर कधीही मिसळू नका, विषारी क्लोरीन वायू निघतो. नंतर भरपूर धुऊन अँटीक्लोरीनच्या दुप्पट मात्रेच्या पाण्यात रात्रभर ठेवा आणि दोन दिवस कडक उन्हात वाळवा. शेवटी शंखाचं तोंड नाकाशी धरून हुंगा. कुजका वास आला तर टोकाशी मांस उरलंय, तो शंख टाकीत जाऊ देऊ नका.