कॉलेज रोडचा नववीचा क्लास: आयनांचा प्रभार इथे खरंच समजतो

लेक नववीत आहे, मराठी माध्यमात. जूनपासून या क्लासला जाते. भौतिकशास्त्र ठीक शिकवतात, पण रसायनशास्त्राच्या सरांसाठी मी पाच तारे देते.

संयुजेचा, म्हणजे कोणता अणू किती इलेक्ट्रॉन देतो-घेतो त्याचा, तक्ता ते आधी पाठ करायला लावत नाहीत. सोडियम घेतात: अणुअंक 11, संरूपण, म्हणजे एकेका कवचातले इलेक्ट्रॉन, 2, 8, 1. बाहेरचा एक इलेक्ट्रॉन गेला. गेला म्हणजे वजा व्हायला हवं, मग अधिक कसं? इथेच बहुतेक मुलं अडतात. सर उत्तर सांगत नाहीत, मोजायला लावतात. केंद्रकात अधिक प्रभाराचे प्रोटॉन 11 तसेच, उणे प्रभाराचे इलेक्ट्रॉन उरले 10, म्हणजे प्रभार 1+. असा प्रभार असलेला अणू म्हणजे आयन. मग मॅग्नेशियमचा 2+ आणि ॲल्युमिनिअमचा 3+ मुलंच फळ्यावर काढतात.

लोखंडाला अख्खा तास दिला. सरांनी हिराकस, म्हणजे फेरस सल्फेट, आणलं होतं. हिरवट खडे, आणि उघड्यावर राहिलेल्यांवर पिवळट-तांबूस पुटं. हिरव्यातलं लोखंड 2+. हवेतल्या ऑक्सिजनमुळे आणखी एक इलेक्ट्रॉन गेला की 3+, तेच ते पुट. माझं माहेर पिंपळगाव बसवंतला, द्राक्षबागेचं. वेलीची पानं पिवळी पडली की हिराकस द्यायचं, हे मी लहानपणापासून बघत आलेय. का द्यायचं ते लेकीने मामाला समजावलं. चुनखडीच्या जमिनीत लोखंड असतं, पण 3+ रूपात न विरघळता अडकून बसतं, आणि मुळं घेतात ते 2+. मामा तिला पुन्हा पुन्हा विचारत होता. फार बरं वाटलं मला.

सूत्रावरून उलटं जायलाही शिकवतात. मोरचुदात, म्हणजे कॉपर सल्फेटमध्ये, सल्फेट 2−, म्हणजे तांबं 2+. फेरिक क्लोराइडमध्ये क्लोराइड तीन, प्रत्येकाचा 1−, म्हणजे लोखंड 3+. पाठांतर विसरलं तरी एवढ्यावर मूल उत्तर काढू शकतं.

तक्रारही आहे. बॅच फार मोठी आहे. मागच्या बाकांवरून फळ्यावरचे बारीक अधिक-उणे दिसतच नाहीत, आणि या धड्यात सगळं त्यांच्यावरच तर आहे! सांगितल्यावर सर ते मोठ्याने वाचू लागले, पण बॅच काही कमी झाली नाही. फी एकरकमी घेतात, हप्ते नाहीत. संध्याकाळी गाडी लावायला जागा मिळत नाही, मुलांना सोडून निघायचं.

प्रवेशाआधी एक तास बसू देतात. तेव्हाच पुढच्या बाकाचं बोलून घ्या.